काचेवरचा अंगठा

चौगुले सरांचा तो बल्ब आपोआप गेला नव्हता. तो मी घालवला. हे एवढं वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली, आणि ज्यांना ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते मल्लिकार्जुन चौगुले गेल्या महिन्यात गेले. मलकापूरच्या त्यांच्या शाळेतून मधल्या सुट्टीत फोन आला. पलीकडचे शिक्षक म्हणाले, "चौगुले सर गेले." मी विचारलं, "कुठं?" ते परत म्हणाले, "गेले हो सर." मी पुन्हा विचारलं, "अहो, पण कुठं गेले?" ... डब्यातली भाकरी हातात तशीच धरून मी पुढचा अख्खा तास बसून होतो, असं दुसऱ्या दिवशी आमच्या शिपायानं सांगितलं. मला त्यातलं काही आठवत नाही. रविवारीच तर ते फोनवर बोलले होते. "तुमच्या आईच्या गुडघ्याचं एक्स-रे टाकू नका हां सर. मी येतो की न्यायला." त्या तीन फिल्म मी पिशवीत घालून दारामागं अडकवल्या होत्या. ते आले की या खेपेला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. असं मी याआधीही ठरवलं होतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एकाच शाळेत भूगोल शिकवायचो. खडू न उचलता भारताची किनारपट्टी काढणारा मास्तर म्हणून माझं नाव होतं, आणि ते मला आवडायचं. मग शिरोळकडचे हे चौगुले आले. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकणारे. शाळेला कुणीतरी भेट दिलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर कपाटात पडून होता, तो त्यांनी बाहेर काढला. त्यावर ठेवायचे पारदर्शक कागद मिळेनात, तर ते दवाखान्यांतून टाकाऊ एक्स-रे मागून आणू लागले. सोड्याच्या कढत पाण्यात भिजवून घासले की काळा थर निघायचा आणि निळसर, आरपार दिसणारी फिल्म उरायची. एका फिल्मवर त्यांनी नदीकाठची गावं काढली, दुसरीवर नुसतं पाणी. दुसरी फिल्म पहिलीवर हळूहळू सरकवली की भिंतीवर पूर चढायचा. पोरं बाकावर उभी राहायची. "सर थांबा, आमचं घर गेलं की!" मागून कुणीतरी ओरडायचं, "शाळा बुडू द्या सर, शाळेपाशी पाणी थांबवू नका." एकदा नववीतल्या एका मुलीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, माझा नकाशा कसा वाटतो म्हणून. ती म्हणाली, "तुमचा लई भारी हाय सर. पण चौगुले सरांचा हलतोय."

ते वाक्य मला बोचत राहिलं. पुढं तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, आणि चौगुलेंचा प्रोजेक्टरवरचा पाठ पसंत पडला तर त्यांना तालुक्यातल्या शिक्षकांना शिकवायला पाठवायचं घाटत होतं. प्रोजेक्टर कसा हाताळायचा ते त्यांनीच मला शिकवलेलं. "बल्ब रुमालात धरायचा सर. बोटाचं तेल लागलं की काच तापल्यावर तिथंच फुगती न् फुटती." तपासणीच्या सकाळी हॉलची किल्ली माझ्याकडे होती. मी भडंग खात आत गेलो, झाकण उघडलं आणि तेलकट अंगठा काचेवर दाबला. दोनदा दाबला, म्हणून चुकून लागला असं मला स्वतःलाही कधी पटवता आलं नाही.

पाठ सुरू झाला, भिंतीवर पाणी अर्ध्या गावात शिरलं आणि फट्कन आवाज झाला. भिंत काळी. साहेब म्हणाले, "सर, खडू बरा. तो असा फुटत नाही बघा." सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी सायकलस्टँडवर चौगुले म्हणाले, "माझाच हात लागला असणार सर. गडबड केली मी." मी म्हणालो, "व्हायचंच असं कधीतरी..."

यंत्र पुन्हा कपाटात गेलं. पुढच्या जूनमध्ये संस्थेनं त्यांची मलकापूरला बदली केली. तिथं अर्धा दिवस वीज नसायची. त्यांनी लाकडी खोक्याला एका बाजूला आरसा आणि दुसऱ्या बाजूला भिंग बसवलं, मध्ये फिल्म अडकवली, आणि खिडकीतल्या उन्हावर भिंतीवर नकाशे पाडले. मी एकदा बघायला गेलो होतो, तर हसून म्हणाले, "ह्याचा बल्ब काय उडत न्हाय." मग माझ्यादेखत वर्गाला अंगठा दाखवून म्हणाले, "ह्या अंगठ्यानं मी सायबांपुढं बल्ब उडवलाय. तवा आधी हात पुसा, मग वस्तूला हात लावा." दर वर्षी नव्या वर्गाला ते हे सांगायचे. माझं पाप त्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं आणि त्याचा धडा करून शिकवत होते. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या तीन फिल्म घेऊन मलकापूरला गेलो आणि चौगुले वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाल्या, "भाऊजी, मला सांगून काय उपेग? माझ्यापुढं ते कवा लाजलं न्हाईत. जिथं लाजलं, तिथं जाऊन सांगा." आत जाऊन त्यांनी ते खोकं आणलं. पुराच्या दोन्ही फिल्म त्यातच होत्या. "ह्ये बी न्या. मोकळ्या हातानं जाऊ नका."

गेल्या शनिवारी आमच्या शाळेच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. जुने शिक्षक होते, तेव्हाचे विद्यार्थी होते, मागच्या रांगेत वहिनी होत्या. माझी पाळी आल्यावर मी पडदे ओढायला सांगितले, एकच खिडकी उघडी ठेवली आणि खोकं उन्हात धरलं. भिंतीवर गावं उमटली. मी दुसरी फिल्म सरकवली आणि पाणी अर्ध्या गावात शिरल्यावर तिथंच थांबवली. मी तसाच उभा राहून बोललो. म्हणालो, "त्या दिवशी बल्बला हात चौगुले सरांचा लागला नव्हता. हा माझा अंगठा लागला होता. मी मुद्दाम दाबला होता. सर, मला माफ करा."