वकिलाचे टक्के कशावर?

गेल्या वर्षी इथे आखातात, मुऐदरच्या राउंडअबाउटवर एकाने आमच्या गाडीला बाजूने ठोकलं. चूक त्याची होती, पोलिसांनी तसं लिहूनही दिलं. गाडी त्याच्या इन्शुरन्सने परस्पर गॅरेजमधून दुरुस्त करून दिली. नवऱ्याच्या उजव्या खांद्याचं मात्र तसं नव्हतं. ऑपरेशननंतरही हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपी सलग केली तर जाईल, मध्येच सोडली तर असाच राहील. आमच्या मेडिकल इन्शुरन्सची मर्यादा संपली होती, त्यामुळे पुढचं सगळं भरपाईवर अवलंबून होतं.

म्हणून अल सद्दमधल्या एका वकिलांकडे गेलो. माणूस गोड बोलणारा. "आधी एक रियालही नको," ते हिंदीत म्हणाले. "पैसे आले तर त्यातले माझे टक्के. नाही आले तर खलास, फी नाही." नवरा लगेच मान डोलवायला लागला. ऑफिसात कॉन्ट्रॅक्टरला घाम फोडणारा हा इंजिनिअर; पण डॉक्टर-वकिलांसमोर पैशांचा विषय काढणं त्याला असभ्य वाटतं. डाव्या हातात पेन घेऊन तो करारावर सही करायला तयारच होता.

मला हा व्यवहार ओळखीचा वाटला. नाशिककडची आमची कांद्याची जमीन वडील वाट्याने द्यायचे. तिथे बी, खतं, मजुरी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्याचे वाटे करतात. मी विचारलं, "तुमचे टक्के कशावर? सगळ्या रकमेवर, की उपचारांचा खर्च काढून उरेल त्यावर?"

"सगळ्यावर. असंच असतं, मॅडम."

"आणि या करारात गाडीची दुरुस्ती का धरलीत? ती तर आम्ही तुमच्याकडे यायच्या आधीच झाली."

नवऱ्याने टेबलाखालून पायाने ढोसलं. "अगं, जाऊ दे ना."

"अहो, थांबा जरा," म्हणत मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत कांद्याचा हिशेब सांगितला. वकील हसले आणि त्यांनी चहा मागवला. शेवटी गाडी वगळली, उपचारांचा खर्च आधी काढायचा ठरला, आणि उरलेल्यावर त्यांनी टक्के थोडे वाढवून घेतले. मला ते रास्त वाटलं. राबणार तर तेच होते.

"वकिलाला कुणी कांदे सांगतं का?" अल अझीझियाला घरी पोचेपर्यंत नवरा धुसफुसत होता. मी मजेत गाडी चालवत होते.

भरपाई आली ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी. सगळ्यावर टक्के गेले असते तर थेरपी अर्ध्यावरच सोडावी लागली असती, हे नवऱ्यानेच हिशेब करून सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. थेरपी शेवटपर्यंत झाली.

परवा सकाळी त्याला कपडे घालायला मदत करायला आत गेले, तर हा आरशासमोर स्वतःच शर्ट घालून उभा. माझे डोळे भरून आले, इतका आनंद झाला. पण खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. इतके महिने रोज सकाळी हा माझ्यासमोर गुपचूप उभा राहायचा, ते आता संपलं. बटणं सगळी नीट लावलेली होती. तरी वरचं एक मी काढलं आणि पुन्हा लावलं.