इंजिनावर शेकलेली पिशवी

उबेवर पहिला हक्क मुक्या जनावरांचा, माणसांनी आपलं गोधडीत गुरफटून गप पडावं, असं ठाम मत असलेली एकच बाई मी आयुष्यात पाहिली. ती माझी आतेसासू, म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न होऊन मी श्रीरामपुरात आले ती ऐन थंडीत. पहिल्याच संध्याकाळी चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या लहान तोंडावर, काहीतरी कापडी, चौकोनी, फुगीर शेकत ठेवलेलं दिसलं, तेव्हा नव्या सुनेला शोभेल इतक्या नम्रपणे मी विचारलं, "आत्या, हा कसला पदार्थ?" त्यांनी वर पाहिलंही नाही. "मांजरीचा हाय," म्हणाल्या. या घरात मांजरीसाठी वेगळं रांधतात की काय, असं मला वाटलं. मग आत्यांनी तो पदार्थ उचलून स्वतःच्या गालाला लावला, जरा फुंकर घातली आणि कोपऱ्यातल्या टोपलीत झोपलेल्या मांजरीच्या पोटाखाली अलगद सरकवला. मांजरीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी मात्र माहेरच्या पातळ शालीत कुडकुडत उभी होते, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

या शेकाच्या पिशव्या आत्या जुन्या मांजरपाटाच्या शिवत. टाके इतके बारीक की आत मुंगी शिरायची नाही. पण आत भरायचं काय, या एका प्रश्नापायी त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. मामंजींचं भुसाराचं दुकान, त्यामुळे सुरुवात ज्वारीपासून झाली. एकदा पिशवी वैलावर विसरली, आत लाह्या फुटल्या, पिशवी उशीएवढी फुगून उसवली, आणि ज्या कुत्र्याच्या पाठीसाठी ती होती त्यानं लाह्या खाऊन टाकल्या. गहू भरले तर उंदीर आले आणि मांजर शेक घ्यायचं सोडून पिशवीवर पहारा देत बसली. मिठाला पावसाळ्यात पाणी सुटलं. वाळूची पिशवी एवढी जड झाली की पिल्लाला तिच्याखालून ओढून काढावं लागलं. कोंड्याची पिशवी म्हशीनं नाडीसकट खाल्ली, तेव्हा मामंजींनी कपाळावर हात मारला. आत्या शांतपणे म्हणाल्या, "तिला आतनं शेक पायजे आसंल."

शेवटी उत्तर सापडलं ते एका भटक्या कुत्र्यामुळे. चैत्रात गल्लीतल्या बायका चिंच फोडायला जमायच्या आणि चिंचोक्यांचा ढीग उन्हात पडून राहायचा. एक कुत्रं येऊन त्या ढिगावर निजलं, ते ऊन गेलं तरी उठेना. बायका हाकलत होत्या. आत्यांनी मात्र कुत्र्याच्या पोटाखाली हात घालून पाहिला. चिंचोके चांगलेच कोमट होते. "ह्या येड्या कुत्र्याला कळलं आन् मला इतकी वर्सं कळू नये?" असं म्हणून त्या कुत्र्याला त्यांनी भाकरी घातली आणि ढीग पदरात भरून घरी आणला. तेव्हापासून पिशवीत चिंचोके. फुटत नाहीत, कुजत नाहीत, उंदीर विचारत नाहीत, आणि एकदा तापले की बराच वेळ ऊब सोडत नाहीत.

मग काय, आत्यांच्या कामाला मोकळं रान मिळालं. रस्त्यानं जाता जाता त्या कुणाच्याही कुत्र्याची पाठ वितीनं मोजत. खुडूक कोंबडीला गोल पिशवी, म्हाताऱ्या बोक्याला लांबट, टांगेवाल्याच्या घोड्याच्या गुडघ्यांना नाड्या लावलेल्या दोन. त्या बांधून घोडा स्टेशनवर उभा राहिला की टांगेवाला सवाऱ्यांना भाडं सांगायच्या आधी त्या पिशव्यांची हकिगत सांगायचा. ऊब हातानं तपासलेली आत्यांना चालत नसे. "कामं करून हाताला घट्टे पडलेत," त्या म्हणत, "हात खोटं सांगतो. गाल खरं सांगतो." त्यामुळे थंडीभर त्यांचा उजवा गाल लालसर असायचा.

समोर पाववाल्यांची बेकरी होती. ते ख्रिस्ती, स्वभावानं अगदी गरीब. पाव काढून झाले की भट्टी बराच वेळ गरम राहायची, आणि तिच्यात आत्यांच्या पिशव्या जायच्या. पावाला चिंचेचा वास येतो अशी गिऱ्हाइकांची कुरकुर असे, पण आत्यांना नाही म्हणण्याची छाती कुणाची? एकदा नाताळच्या तोंडावर पाववाले हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, आत केक आहे. तुमची मांजर जरा थांबेल का?" आत्या म्हणाल्या, "थांबली आसती. पर केकला थंडी वाजत न्हाई, तिला वाजती." केक बाहेर आला. तो मधोमध बसलेला केक पाववाल्यांनी नाताळला आमच्याकडेच पाठवला, आणि आम्ही तो निमूटपणे खाल्ला.

इथवर सगळी गंमतच होती. मग दुष्काळ पडला. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायला लागली, गल्लीतली निम्मी माणसं खडी फोडायला जाऊ लागली. आमच्या मागच्या बाजूला सगुणा एकटी राहायची. नवरा नाही, मूल नाही, एक शेळी तेवढी होती. त्या शेळीचं दूध हाच तिचा संसार. थंडीत ती शेळी व्याली आणि त्यातच मेली. सकाळी सगुणा पदरात करडू घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"आत्या, पाट हाय," ती म्हणाली. पाट म्हणजे मादी. "जगली तर माझी शेळी माघारी आली म्हनायचं. न्हाई जगली तर मी कुनासाठी घरी यायचं? मला कामाव जायाचंय. तुमी बघा."

आत्यांनी करडू घेऊन गालाला लावलं. "लई गार पडलंय गं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी अशी गोष्ट केली की मी बघतच राहिले. मांजरीला टोपलीतून उठवलं आणि करडाला तिथं ठेवलं. शेजारच्या गाईचं दूध बोळ्यानं पाजलं. पण पिशवी तापवायची कुठं? सरपण महाग होऊन चूल जेमतेम भाकरीपुरती पेटत होती, आणि मैदा मिळेना म्हणून पाववाल्यांची भट्टीही बंद होती. करडाची मान टोपलीच्या काठावर पडलेली. आत्या त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांना काही सुचत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला भीती वाटली. तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. आत्या उठल्या, दोन पिशव्या आणि एक जुनी गोधडी काखेत मारली.

"सूनबाई, चल."

"कुठं आत्या?"

"जिथं इस्तू हाय तिथं."

असा विस्तव कुठं, ते न कळता डोक्यावरचा पदर सावरत मी त्यांच्यामागे स्टेशनात शिरले. पॅसेंजर उभी होती. आत्या तडक फलाटाच्या टोकाला, इंजिनापाशी गेल्या आणि मान वर करून ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाबा, ह्या तेवढ्या तापवून दे."

ड्रायव्हरनं कोळसेवाल्याकडे पाहिलं, कोळसेवाल्यानं माझ्याकडे, आणि मी जमिनीकडे. "आजी, ही गाडी आहे. चूल नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"चुलीपरास मोठी हाय म्हून तर आले. करडू गार पडलंय. माय मेलीय त्याची."

भट्टीच्या तोंडावर एक लोखंडी फळी होती, तिच्यावर ड्रायव्हरचा जेवणाचा डबा गरम होत ठेवलेला होता. त्यानं तो डबा खाली काढला आणि तिथं आमच्या पिशव्या ठेवल्या. गार्डाची शिट्टी झाली, हिरवी झेंडी हलली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. ड्रायव्हरनं एक पिशवी खाली दिली. आत्यांनी ती गालाला लावली. "अजून जरा," म्हणाल्या. अख्खी पॅसेंजर, तिच्यातली सगळी माणसं, गाठोडी, टपाल, एका करडासाठी उभी राहिली. मग दोन्ही पिशव्या हातात आल्यावर आत्यांनी त्या गोधडीत गुंडाळल्या आणि म्हणाल्या, "सोड आता." गाडी सुटली ती झेंडीनं की आत्यांच्या शब्दानं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. घरी येताना आत्या जवळजवळ पळत होत्या आणि मला त्यांच्याबरोबर राहता येत नव्हतं.

त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅसेंजरला आमच्या पिशव्या ठरलेल्या. ड्रायव्हर बदलायचे, पण एकानं दुसऱ्याला सांगून ठेवलेलं असायचं. आम्हाला बघितलं की ते आपणहून डबा खाली घ्यायचे आणि विचारायचे, "कसं आहे पिल्लू?" रोज संध्याकाळी खडीच्या धुळीनं पांढरी झालेली सगुणा दाराबाहेरच थांबायची. आत यायचा तिला धीर व्हायचा नाही. "हाय," आतून आत्या सांगायच्या, की मग ती उंबरा ओलांडायची. एका संध्याकाळी मात्र आत्या काही बोलल्याच नाहीत. सगुणा भिंतीला धरून आत आली. करडू टोपलीबाहेर चार पायांवर उभं होतं आणि पिशवीची नाडी चघळत होतं. सगुणा मटकन खाली बसून रडायला लागली.

"रडतीस काय," आत्या म्हणाल्या, "माझी पिशवी खाल्ली तिनं."

पुढे त्या करडाची शेळी झाली, तिची करडं, त्यांची करडं झाली. सगुणाचं अंगण भरून गेलं. पहिल्या चिकाचा खरवस आमच्याकडे आला. स्टेशनात डिझेलची इंजिनं आली, आमच्याकडे गॅस आला. आत्या थकल्या. त्यांच्या शेवटच्या थंडीत त्यांचे पाय गार पडायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही पिशवी स्वतःसाठी घेतली नव्हती. मी चिंचोक्यांची एक पिशवी शिवली, तव्यावर तापवली आणि त्यांच्या पायाशी नेली. त्यांनी पाय आखडून घेतले.

"करडाला दिली का आधी?"

कुठलं करडू ते मला लगेच कळलं. "दिली, आत्या. पोटाखाली सरकवली. दूध पिऊन झोपलंय."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "गालाला लावून बघितलीस?"

"बघितली."

"मग ठेव," त्या म्हणाल्या आणि पाय सोडून निजल्या. पिशवी गार होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले, मग पुन्हा तापवायला उठले.