आप्पांच्या विमानाला पायलट मिळाला

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आमचे मालक आप्पा वरवंडचे, कारखाना कुरकुंभला. त्यांनी छोटं टर्बोप्रॉप विमान घेतलंय. त्याच्या विम्याचं काम माझ्याकडे आहे.

पायलट म्हणून आप्पांना सख्खा भाचाच हवा होता. लायसन्स आहे, पण हे विमान त्याने कधी चालवलेलं नाही. त्यामुळे विमा कंपनी नाही म्हणाली. आप्पा तापले, "घरचं पोरगं हाय म्हणून सांगा त्यांना!"

शेवटी आज दौंडचे कॅप्टन शेख मुलाखतीला आले. नव्या ड्रायव्हरला विचारतात तेच आप्पांनी त्यांनाही विचारलं, "लग्नाचा मुहूर्त गाठायचाय आन् आभाळ काळंकुट्ट झालंय. काय कराल?"

"विमान काढणार नाही."

"मी सांगितलं तरी?"

"तरी नाही, आप्पा."

आप्पांनी केबिनमधूनच भाच्याला फोन लावून तोच प्रश्न विचारला.

"मामा, तुम्ही म्हणाल तवा काढू की!"

आप्पांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "शेखसाहेबांचं नाव द्या विम्याला."

आम्ही बाकी सगळे तर रोज भाच्यासारखंच बोलतो.

तुमच्याकडे तोंडावर नाही म्हणणारं कोणी आहे का? त्याला ठेवलंय की काढलंय?