दाजींची मिठाची डबी

उभं राहणं या साध्या कामाला आमच्या दाजींइतका मान जगात दुसऱ्या कुणी दिला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, महाळुंग्याचे. तुम्ही-आम्ही नुसते उठतो. दाजी आधी बसल्या जागी पोटऱ्या चोळायचे, मग गुडघ्यांवर हात, मग वाकूनच थोडा विसावा, आणि मग कुठं ताठ. घाई केली की डोळ्यांपुढं अंधारी आणि दाजी आडवे. मंगलाष्टकांना सगळा मांडव उभा राही आणि हे एकटे बसलेले. मुलीकडच्यांना वाटे, पाहुणे रुसले.

पुण्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, उभं राहिलं की तुमचं रक्त पायांत उतरतं. मीठ खा, पाणी प्या, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. दाजींनी हे ज्ञान थेट शेतात नेलं. "माजं अंग म्हंजी मुरमाड रान हाय. पाणी दिलं की खाली. मिठाचा बांध घातला की जरा थांबतंय, पर लघवीवाटं बांधबी वाहून जातोय. रोज नवा घालायचा." म्हणून खिशात कायम खडेमिठाची पितळी डबी. चहातसुद्धा मीठ, तो चहा मी एकदा चुकून प्यालो, अजून विसरलो नाही.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा आम्ही दोघं बाटल्या धुवायला हंगामी लागलो. जमीन भावकीत वाटून अंगणाएवढी उरलेली, त्यामुळं दाजींना काहीही करून कायम व्हायचं होतं. पण चक्कर येणारा गडी इथं चालणार नाही, असं मुकादमानं बजावलेलं. त्यात एक बडा पाहुणा यायचा ठरला आणि आम्हाला भर उन्हात रांगेत ताठ उभं केलं.

नेमकी त्या सकाळी अक्कानं, माझ्या बहिणीनं, नवऱ्याची दृष्ट काढली. अंगावर बाळगलेल्या मिठालाच नजर जास्त चिकटत असणार, असा तिचा हिशेब. तिनं डबीतलं सगळं मीठ ओवाळून चुलीत घातलं आणि रिकामी डबी गुपचूप खिशात ठेवली.

रांगेत दाजींनी डबी उघडली आणि माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात पाहुणे समोर आले, आणि दाजी सरळ त्यांच्या पायांवर. पाहुणे मात्र गहिवरले. त्यांना तो साष्टांग नमस्कार वाटला. उठा उठा म्हणाले, तरी दाजी उठेनात, तसे ते आणखीच गहिवरले. आडवं झाल्यानं रक्त डोक्याकडं फिरलं असावं. दाजी शुद्धीवर आले आणि नेहमीच्या टप्प्याटप्प्यानं उठले. तेसुद्धा नम्रतेत धरलं गेलं. महिन्याभरात दाजी कायम झाले. ताठ उभा राहिलेला मी आणखी वर्षभर हंगामीच.

आपण दृष्ट काढली म्हणून नोकरी लागली, हे अक्का गावभर सांगत सुटली. दाजींनी तिला खरं कधीच सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिनं मीठ जाळलं म्हणून पडलो, पडलो म्हणून लागलो. मग तिचं खोटं काय हाय त्यात?" पुढं जन्मभर अक्का रोज सकाळी एक खडा त्यांच्यावरून ओवाळायची आणि मगच डबी भरून द्यायची.

अक्का गेल्यावर मी महाळुंग्याला गेलो होतो. दाजी ओट्यावर एकटेच. डबीतला खडा काढून त्यांनी स्वतःच्याच डोक्यावरून तीनदा ओवाळला, घरातल्या थंड चुलीकडं बघितलं आणि तो तोंडात टाकला.

"आपली आपल्याला काढता येत न्हाई, ठावं हाय मला," ते म्हणाले, आणि पोटऱ्या चोळायला लागले.

त्यांना उठायचं होतं. मी शेजारी बसून राहिलो.