मामांची अटक आणि आमची तटस्थता

आमच्या डिचोलीच्या मामांइतका भांडखोर माणूस अख्ख्या गोव्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्याशीही मामांचं एव्हाना बिनसलं असेल. खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या कमिटीवर जातात; हे आमच्यात आले. आम्ही मूठभर हौशी मंडळी मोबाइलवर मराठी आणि कोंकणी लिहायला एक फुकट कीबोर्ड बनवतो. पगार कुणालाच नाही, त्यामुळे मत प्रत्येकाला आहे. गटातल्या धारगळच्या एका मैत्रिणीचे ते सख्खे मामा, म्हणून सगळ्या गटाचेच मामा. सकाळी पदेराकडचे गरम उंडे पाव खाऊन झाले की त्यांचा फोन आलाच. "अरे, तुमचा कीबोर्ड दर्या आणि दऱ्या एकच लिहितो! मोरजीला दर्या, धारगळला दऱ्या. माणसांनी पोहायला जायचं खंय?" ते दुरुस्त होईपर्यंत त्यांनी नवी आवृत्ती बाहेर पडू दिली नाही. मोरजीच्या एका मासेवालीला फोनवर लिहायला शिकवण्यासाठी मात्र हाच माणूस स्कूटरवरून खेपा घालायचा. ती चुकली तर तिला एक शब्द बोलायचा नाही, शिव्या आम्हाला.

धारगळला मामांच्या बहिणीच्या घरामागची टेकडी कुणीतरी बंगल्यांसाठी कापायला घेतली आणि तिच्या विहिरीत लाल चिखल उतरला. मामांनी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, शेवटी प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन खोदणाऱ्या यंत्रासमोर जाऊन बसले. पोलीस आले, तर मामांनी आधी त्यांच्या गाडीवरच्या पाटीतली चुकलेली वेलांटी दाखवली. त्यांना उचलून नेलं. आरोप काय, तर कामात अडथळा आणि दमदाटी. दमदाटी! गुडघ्यांमुळे या माणसाला खुर्चीतून धड उठता येत नाही!

गटाची तातडीची ऑनलाइन बैठक झाली. मला वाटलं, वकील शोधतील. पहिला निर्णय झाला तो मामांचा पासवर्ड बंद करण्याचा, आणि तोही झटक्यात. सुरक्षेसाठी, म्हणे! मी म्हटलं, "हे आमचे सदस्य आहेत आणि आम्ही त्यांच्या पाठीशी आहोत, एवढी एक ओळ आपल्या पानावर टाकूया."

"आपण तांत्रिक माणसं," आमचे प्रमुख म्हणाले. "आणि ते काही गटातर्फे तिथे गेले नव्हते. हे त्यांचं घरगुती प्रकरण."

"मग त्या मासेवालीकडे कुणातर्फे जात होते?" भाची कडाडली.

एकाने विचारलं, उद्या कुणी खरंच गुन्हा करून आत गेला, तर त्याच्याही पाठीशी उभं राहायचं का? प्रश्न रास्त होता. पण म्हातारा माणूस कोठडीत बसलेला असताना त्यावर तासभर काथ्याकूट करायची? माझं डोकं फिरलं. मी नको ते बोललो. ओळ मात्र पडलीच नाही. बहुमत तटस्थ राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेडण्याच्या कोर्टात जामीन झाला. वकील भाचीनेच गाठला होता. बाहेर आम्ही दोघंच उभे. मामा आले, चुरगळलेल्या शर्टात, एकदम लहान झाल्यासारखे. आमच्या खांद्यांवरून त्यांनी मागे पाहिलं.

"बाकीचे खंय?"

मला खरं सांगवेना. "वाटेत आहेत, मामा."

भाचीने तोंड फिरवलं. समोरचा गाडेवाला चहाचे ग्लास भरायला लागला, तसं मामांनी त्याला हातानेच थांबवलं.

"राव मरे, थांब जरा. आमची माणसं येतायत."

मग शर्ट हाताने सारखा करून ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.