माझ्या तळहाताचा काप

सरांनी माझा हात टेबलावर दाबून धरला आणि ब्लेड उचललं.

अकरावीचं वर्ष. पेणचं कॉलेज. जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल. सर सांगत होते, फार पूर्वी इंग्लंडात एका माणसाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला पोळ्यातल्या घरांसारख्या बारीक खोल्या दिसल्या. पेशी ही अशी सापडली. तोवर असं काही असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. नुसत्या डोळ्याला ते दिसतच नाही.

"बूच संपलंय," सर बोलले. मग त्यांची नजर माझ्या हातांवर आली. "तू मिठागरातली ना? इकडे ये. हे बघा आपलं बूच."

वर्ग हसला.

आमचं अख्खं घर मिठागरात राबतं. सुट्टीत मीही फावडं धरते. तळव्यांना जाड घट्टे आहेत.

पहिला काप जाड आला. दुसरा खोल गेला. रक्त आलं. "यांना सवय असते," सर बोलले. काप काचेवर गेला. एकेक जण भिंगाला डोळा लावून गेला. "ई, हिची कातडी!" एक पोरगी ओरडली. शेवटी मी पुढे झाले.

"तुला काय बघायचंय?" सरांनी अडवलं. "तू तर ती कातडी घेऊनच फिरतेस."

वर्ग परत हसला. मीही हसले. सांगायला लाज वाटते. पण हसले.

दुसऱ्या दिवशी रविवार. तसाच हात घेऊन मिठात उतरले. आईने विचारलं, "काय झाला गो हाताला?"

"नाय काय. पत्रा लागला."

चार दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. काखेत गाठ आली. अंगात ताप. मनगटापासून एक लाल रेघ वर चढत होती. आईने मला एसटीत घालून मावशीकडे नेलं. मावशी रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात राहते. तिथल्या एका दवाखान्यात झाडलोट करते. डॉक्टरांनी जखम उघडली. लॅबमधल्या ताईने पू काचेवर घेतला, त्यावर रंग टाकला, भिंगाखाली बघितलं. आणि उठली.

"बस. तुझंच हाय, तू बघ."

आधी नुसता धूर. मग गोल गोल पेशी. जांभळ्या. खच पडलेला.

"या तुझ्याच. जखमेकडे धावून आल्या आन् मेल्या," ताई बोलली. "ते बारके ठिपके दिसतात? ते जंतू. आणखी दोन दिवस थांबली असतीस तर हात गेला असता."

मी तिला बुचाची गोष्ट विचारली.

"त्याला नुसत्या भिंती दिसल्या. रिकाम्या. भिंगाखाली जिवंत वळवळणारं बघितलं ते दुसऱ्याने. कापडाचा व्यापारी होता. कॉलेजात कधी गेला नाय. भिंगं स्वतः घासायचा. स्वतःच्या दातांवरचं किटण काढून बघायचा."

स्वतःच्या.

परतीच्या एसटीत मी दुसरा कसला विचारच केला नाही.

तीन आठवड्यांनी वर्गात गेले. पट्टी अजून हाताला होती. सर खुशीत बोलले, "आलं बूच! ये, दुसऱ्या तुकडीला दाखवायचंय."

मी जागेवरच उभी राहिले.

"नाय."

"काय?"

"हात देणार नाय. तुमचा कापा सर. पेशी त्यातपण असतात."

कुणी हसलं नाही. ई करणारी पोरगी वहीत बघत राहिली. सर जवळ आले. आवाज अगदी हळू.

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याकडे आहेत. विसरू नकोस."

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सर रोज माझ्या टेबलापाशी थांबतात. नुसते थांबतात. आता आईला सगळं ठाऊक आहे. ती बोलते, "माफी माग गो. वरीस जाईल तुझा."

जाऊ दे. माफी मागणार नाही. परीक्षेला बसणार, जे दिसेल ते लिहिणार. नापास केलं तर परत बसणार, त्याच वर्गात. आणि का नापास झाले, ते विचारेल त्याला सरांच्या समोर, मोठ्याने सांगणार.