कपाटांमागचं तापमान

एकोणीस वर्षं मी त्याला काउंटरवरून सामान दिलं, आणि त्याला एक भाऊ आहे हे मला तो गेल्यावर कळलं. एखाद्याला ओळखत होतो म्हणायला याहून थोडं तरी जास्त लागतं. मी कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो, तो कॉम्प्युटरच्या खोलीतल्या एसीवर. तो चिठ्ठी द्यायचा, मी फिल्टर काढून द्यायचो आणि सही घ्यायचो. पुढचं बरंचसं त्याच्या बायकोनं सांगितलेलं आहे, काही इंजिनिअर मॅडमनी. मधल्या जागा मी भरल्या आहेत. तिथे चुकलं असेल तर ती चूक माझी.

ऑफिसात त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. बाहेर डांबर चपलेला चिकटत असायचं आणि हा बिनबाह्यांचा स्वेटर घालून जिना उतरायचा. ओठ बारा महिने फुटलेले. त्याच्या खोलीत लोखंडी कपाटांतून दीडशे कॉम्प्युटर रचलेले होते, ते रात्रंदिवस चालू. चार हजार माणसांच्या कंपनीचा सगळा कारभार त्यांच्या पोटात. ते तापायचे, म्हणून त्यांना गार ठेवायला दोन दांडगे एसी, आणि त्या एसींवर डोळ्यात तेल घालून बसायला थंडोबा. दाराजवळच्या भिंतीवर एक थर्मामीटर होता. दर तासाला त्याचा आकडा रजिस्टरात लिहायचा. अठरा, अठरा, अठरा. साडेअठरा झालं की याचा जीव वरखाली. बेल्टची घरघर जराशी बदलली तरी त्याला जिन्यातच कळायचं, आणि मग दोन दोन पायऱ्या गाळत वर.

दुपारी साडेबाराला मात्र तो कोणासाठी थांबायचा नाही. आम्ही डबे उघडायचो तेव्हा हा फाटकाबाहेर पडलेला असायचा.

"थंडोबाला बायकोच्या हातचं गरमागरम लागतं," टायपिस्ट म्हणायचा.

"गरम कसलं? फुंकर मारून गार करून घेत असेल."

यावर दर आठवड्याला एकदा तरी हशा व्हायचा. मीही हसायचो. मनातून मला तो थोडा शिष्टच वाटायचा. आमच्यात बसून चार घास खाल्ले असते तर काय बिघडलं असतं?

खरं म्हणजे तो स्वतः दुपारचं जेवतच नसे. घर बारा मिनिटांवर होतं. तिथे खिडकीजवळच्या खाटेवर त्याचा दादा असायचा, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडिलांच्या मागे दादानंच याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, आणि त्या सगळ्या गडबडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. सात वर्षांपूर्वी दादाचं उजवं अंग गेलं. बोलणं गेलं, गिळणंही अवघड झालं. हनुवटीखाली बोट धरून चमचाभर घास द्यायचा, तो खाली उतरला की नाही ते बोटानं जाणायचं, मग पुढचा. घाई केली की ठसका लागायचा आणि जीव जायची वेळ यायची. एका वाटीला चाळीस मिनिटं लागत. सकाळी आणि संध्याकाळी थंडोबा घरीच असायचा. प्रश्न होता तो दुपारचा. दादा धाकट्या भावजयीच्या हातून खात नसे. ती चमचा घेऊन बसली की तोंड मिटून भिंतीकडे मान वळवायचा. अंघोळ, कपडे बदलणं असलं सगळं एक कामाची बाई करून जायची, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण भावजयीनं भरवायचं, हे काही त्याच्या पचनी पडेना.

"भाऊजींना माझी लाज वाटते की माझ्या स्वयंपाकाची," ती नवऱ्याला म्हणायची, "ते एकदा विचारून घ्या. म्हणजे मला सुधारायला बरं."

असं सात वर्षं चाललं होतं. त्याच्या निवृत्तीला एकोणीस महिने उरले असताना वरून पत्रक आलं. विजेचा खर्च फार होतो, कंपनीतले सगळे जुने कॉम्प्युटर काढून कमी वीज खाणारे बसवायचे. आधी टेबलांखालचे मोठे डबे गेले आणि जेवणाच्या डब्याएवढी चिमुकली यंत्रं आली. लोक दोन दिवस त्यांच्याकडे संशयानं बघत राहिले. मग थंडोबाच्या खोलीची पाळी आली. दीडशेचं काम आता चौदा यंत्रं करणार होती. जुनी ढकलगाडीवरून माझ्याकडे स्टोअरमध्ये उतरली. पहिल्या खेपेतली हाताला अजून कोमट लागत होती.

नवी यंत्रं बसवायला बाहेरून एक इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. वय चाळिशीचं, गळ्यात कान झाकायचे जाड गोळे, बोलणं भराभर. त्यांचं म्हणणं असं, की या नव्या यंत्रांना एवढी थंडी लागतच नाही. अठरावरून सत्तावीसवर गेलं तरी चालेल, आणि खरी वीज वाचेल ती तिथेच. साहेबांना ते पटेना. शेवटी चाचणी ठरली. रोज एक अंश वाढवायचा.

"थर्मामीटरनं तीस ओलांडले की लगेच मला फोन करा काका," मॅडम थंडोबाला म्हणाल्या. "मग थांबू, बघू. आकडे तुम्हीच लिहायचे. तुमची रजिस्टरं पाहिली मी. बावीस वर्षांत एक रकाना रिकामा नाही."

थंडोबाला बरं वाटलं. ते बरं वाटणं साहेबांच्या केबिनपर्यंतच टिकलं.

"चाचणी पास झाली की हे दोन हत्ती भंगारात," साहेब म्हणाले. "त्यांच्या जागी छोटे एसी, आपले आपण चालू-बंद होणारे. तुम्ही काळजी करू नका, नोकरी जात नाही. तुम्हाला दुसऱ्या कारखान्यात घेऊ."

"किती लांब आहे साहेब?"

"बसनं दीड तास. तिथलं कँटीन आपल्यापेक्षा चांगलं आहे."

संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आणि नापास झाली तर?" तिनं विचारलं.

"काय?"

"चाचणी हो. माणसं होतात की नापास."

"यंत्रं हुशार आहेत गं."

"मग तुम्हीही थोडी हुशारी करा. आजवर कधी केली नाहीत, एकदा केलीत तर देव रागावणार नाही."

चाचणी सुरू व्हायच्या आधी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी दादाला दिसणार नाही असा स्वयंपाकघरात उभा राहिला. बाहेर बायको वाटी-चमचा घेऊन बसली. सवयीनं जमेल, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिनं गोड बोलून पाहिलं, मग जरा दटावून पाहिलं. पाऊण तास झाला तरी दादानं ओठ उघडले नाहीत. नजर मात्र एकसारखी दाराशी. तिथे थंडोबाच्या चपला होत्या. शेवटी तोच बाहेर आला, आणि दादानं लहान मुलासारखं तोंड उघडलं.

"घ्या," बायको वाटी त्याच्या हातात देत म्हणाली, "लाडावून ठेवा अजून." आणि आत जाऊन तिनं नळ सोडला, तो बराच वेळ चालू ठेवला.

चाचणीचे पहिले दोन दिवस सुरळीत गेले. एकोणीस, वीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या काउंटरवर आला. चिठ्ठीत लिहिलं होतं, एक हूक, एक मीटर तार, कारण किरकोळ. मी दिलं. त्याचा चेहरा नेहमीसारखाच वाटला. म्हणजे मी नीट पाहिला नसणार.

त्या खोलीबद्दल एक गोष्ट त्याच्याइतकी कोणाला माहीत नव्हती. यंत्रं समोरून गार हवा ओढतात आणि पाठीमागून गरम हवा सोडतात. शेवटच्या कपाटाच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, तीन कपाटांचा श्वास एकत्र यायचा. तिथे हात धरला तर इस्त्रीजवळ धरल्यासारखं वाटायचं. त्यानं दाराजवळचा थर्मामीटर काढला आणि तारेनं त्या कोपऱ्यात टांगला. मग खुर्चीवर येऊन बसला आणि अकरा वाजायची वाट पाहू लागला. अकराला मागे जाऊन आकडा पाहिला. एकतीस. त्यानं रजिस्टरात एकतीस लिहिलं. आकडा खरा होता, एवढंच तो स्वतःला सांगत राहिला. पण पेन दोनदा अडलं, आणि एकतीसमधला एक जरा वाकडा आला.

मग त्यानं फोन केला. "मॅडम, तीस ओलांडले."

मॅडम धावतच आल्या. भिंतीकडे पाहिलं, तिथे नुसता खिळा.

"थर्मामीटर कुठे आहे काका?"

थंडोबानं बोट दाखवलं. त्याला वाटलं, आता आपलं सगळं बाहेर येणार. मॅडम कपाटामागच्या अरुंद फटीत शिरल्या, बराच वेळ आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा केसांना धूळ लागली होती आणि चेहरा उजळला होता.

"पाठीमागे एकतीस? फक्त एकतीस?"

"हो."

"अहो, मागे चाळीसपर्यंत चालतं! पुढे एकवीस असताना मागे छत्तीस-सदतीस तरी असेल, असं मी धरून चालले होते. मी तीस सांगितलं ते दाराजवळचं. तीन आठवडे घसा फोडून सांगतेय की कोणीतरी मागचं मोजा, तर सगळे म्हणतात दाराजवळचं बास झालं. आणि तुम्ही कोणी न सांगता सगळ्यात गरम कोपरा शोधून तिथे टांगलात!"

थंडोबानं हातातलं रजिस्टर मिटलं. "मॅडम, मी ते... मुद्दाम लावलं तिथे."

"मुद्दामच लावायचं असतं! चुकून कोण लावतं?"

"तसं नाही. म्हणजे, मला वाटलं होतं की चाचणी..."

"बंद पडेल अशी भीती वाटली ना? साहजिक आहे. पण आता उलट जोर आला. आपण एकेक अंश कशाला वाढवायचा? उद्या तीन वाढवू."

दहा दिवसांची चाचणी सहा दिवसांत आटोपली. समोर सत्तावीस, मागे सदतीस, आणि चौदाही यंत्रं मजेत. मॅडमनी अहवालात लिहिलं की तापमान सर्वांत गरम जागी मोजलं गेल्यामुळे निष्कर्षाबद्दल शंका उरत नाही, आणि याचं श्रेय अनुभवी कर्मचाऱ्याच्या दूरदृष्टीला आहे. साहेबांनी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावून अहवालातलं ते वाक्य वाचून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. थंडोबा चोरी पकडली गेल्यासारखा उभा होता. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे.

"काय थंडोबा, छुपे रुस्तम निघालात," टायपिस्ट म्हणाला. तो नुसता हसला. फुटलेल्या ओठांतून रक्त आलं, ते त्यानं रुमालानं टिपलं.

त्यानंतर तो साहेबांना भेटायला गेला होता. बदली नको, इथेच काही काम द्या, झाडू मारायचंही चालेल, असं म्हणाला. कारण मात्र त्यानं नीट सांगितलं नाही. घरात आजारपण आहे, एवढंच. साहेब म्हणाले, आजारपण कोणाच्या घरात नाही? आणि तुमच्यासारखा डोकेबाज माणूस इथे झाडू मारत ठेवू? तिकडच्या खोलीतही हेच करायचंय. मॅडमनी तुम्हालाच मागितलंय.

तो केबिनचं दार ओढून बाहेर आला.

दोन्ही हत्ती सुटे करून खाली आणले. थंडोबानं स्वतः त्यांचे बोल्ट काढले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मग तो दुसऱ्या कारखान्यात जाऊ लागला. सकाळी सहाला घर सोडायचा, अंधार पडल्यावर परत. तिकडे त्याचं काम चांगलं झालं असं मॅडम सांगतात. इकडे दादा सकाळी खायचा, संध्याकाळी खायचा, आणि मधले तेरा तास भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बायको रोज वाटी घेऊन बसायची आणि रोज वाटी उचलून आत न्यायची. दहाव्या दिवशी दादाला संध्याकाळचा घासही गिळवेना. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकदच राहिली नाही. अकराव्या दिवशी थंडोबा कामावर गेला तो राजीनामा लिहूनच. कारण म्हणून गुडघ्यांचं नाव पुढे केलं.

त्यानंतर अडीच वर्षांनी छातीत दुखून, दवाखान्याची गाडी यायच्या आत, तो गेला. मला चार दिवसांनी कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको खिडकीजवळच्या खाटेवर एका म्हाताऱ्या माणसाला भरवत होती. मला वाटलं, तिचे वडील असतील. तिनं मला बसायला सांगितलं आणि वाटी संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग सगळं बोलली.

"हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी उघडलं तोंड भाऊजींनी," ती म्हणाली. "आधीच उघडलं असतं तर..." पुढचं तिनं गिळलं आणि दिरांची हनुवटी पुसली. दादा माझ्याकडे पाहत होता. मी नमस्कार केला.

माझी आणि थंडोबाची शेवटची भेट मात्र राजीनाम्यानंतरची. नोकरी सोडताना सगळं सामान स्टोअरमध्ये जमा करावं लागतं. त्यानं पाने, बॅटरी, हातमोजे काउंटरवर मांडले. मी यादी पाहून एकेक खूण करत होतो, माझ्या सवयीनं, अगदी सावकाश. तो दोनदा घड्याळाकडे पाहताना मला दिसला. राहिलेले सहीचे कागद नंतर त्यानं कोणाच्या तरी हाती पाठवले, स्वतः पुन्हा आला नाही, पण त्या दिवशी ते मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"किती वाजले हो?" त्यानं विचारलं. समोरचं घड्याळ बंद होतं.

"बारा पंचवीस."

"मग निघतो मी. सही उद्या केली तर चालेल?"

"चालेल की. उद्या या सावकाश."